कडी काढण्याआधी : चार सायकलींच्या चेनच्या नोंदी

१९ मे २०२४, रविवार. वडगाव, बेळगाव

वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या. मृगाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात पहिली मापं घेऊन ठेवायची आहेत. एकदा चिखल सुरू झाला की कुठली झीज आधीची आणि कुठली नंतरची, हे सांगता येत नाही.

निमित्त मामांच्या सायकलीचं. मामा येळ्ळूरहून वडगावात दूध घालतात. काळी २८ इंची उभी सायकल, मागे दोन्ही बाजूंना कॅन. गेल्या आठवड्यात म्हणाले, "चेन लोंबूलीय, एक कडी काढ की." गेल्या साली दुकानात अशीच एक कडी काढून घेतली होती. आपल्याकडे हा सरसकट रिवाज आहे. चेन सैल झाली, कव्हरला लागून वाजायला लागली की एक कडी काढायची, चाक पुढे घ्यायचं आणि पुन्हा दोन वर्षं ओढायचं. ते बरोबर की चूक यावर वाद घालण्यापेक्षा मोजूया म्हटलं. मोजमाप हा माझ्या पोटापाण्याचाच धंदा आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात मशिनिंग झालेल्या कास्टिंगची (ओतीव भागांची) मापं तपासतो.

सायकली चार. मामांची उभी. पुतणीची, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला आठवीत शाळेतून मिळालेली (कर्नाटकात ही सायकल योजना २००६-०७ साली सुरू झाली, त्यामुळे आमच्या भागात एकाच रंगाच्या सायकली घराघरांत दिसतात). माझी सात गिअरची. आणि आमच्या कारखान्यातल्या अण्णांची, तीही बिनगिअरची.

२६ मे

मापाची पद्धत ठरली. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. उभी सायकल असो की गिअरची, हे अंतर तेच. रुंदी तेवढी वेगळी. बिनगिअरच्या चेनची आतली रुंदी १/८ इंच, सहा-सात-आठ गिअरवाल्यांची ३/३२. म्हणून दुकानात चेन मागताना गिअर आहेत की नाहीत, हे आधी सांगावं लागतं.

नव्या चेनवर १० इंच मोजले तर २५४ मिमी भरले पाहिजेत. त्याच्या वर जे येईल ती झीज. २.५४ मिमी जास्त म्हणजे बरोबर एक टक्का, इतका सोपा हिशेब. बारा इंच घेतले असते, पण व्हर्नियरचा पल्ला ३०० मिमी आहे आणि बारा इंच होतात ३०४.८. चेन खिळ्याला टांगून खाली मोठा पाना लटकवला, म्हणजे प्रत्येक वेळी ताण सारखा राहील. मग पिनेच्या बाहेरून पिनेच्या बाहेरपर्यंत माप घेऊन एका पिनेची जाडी वजा केली.

घरी व्हर्नियर नसतो, त्याची गरजही नाही. स्टीलची फूटपट्टी पुरते. प्लास्टिकची घेऊ नये. पट्टीचं टोक झिजलेलं असतं, म्हणून शून्याऐवजी एक इंचाच्या रेघेवर पिनेची डावी कड ठेवायची आणि उजवीकडे अकरा इंचाच्या रेघेजवळच्या पिनेची डावीच कड बघायची. त्या दहा इंचांत सव्वा मिमी वाढ म्हणजे अर्धा टक्का, अडीच मिमी म्हणजे एक टक्का. मोजायचं ते पूर्ण इंचांत, अर्ध्या इंचावर थांबायचं नाही. कारण पिन आणि ती ज्या नळीत फिरते तो बुश झिजले तरी एकाच बाहेरच्या प्लेटेत बसवलेल्या दोन पिनांतलं अंतर बदलत नाही, वाढतं ते फक्त आतल्या कडीवरचं. चुकीच्या जागी थांबलं की झीज कमी-जास्त दिसते.

बाजारात चेन तपासायची तयार गेज मिळते, टोकं रोलरमध्ये खुपसायची. तिच्यातल्या बऱ्याच जाती रोलरचा सैलपणाही झिजेत धरतात, त्यामुळे नवीकोरी चेनही थोडी झिजलेली दाखवतात. पट्टीला ती खोड नाही.

मापं: मामांची २५७.९ (दीड टक्क्याच्या वर). पुतणीची २५५.८ (०.७). माझी २५५.५ (०.६). अण्णांची २५४.८ (०.३), त्यांनी संक्रांतीच्या सुमारास नवी घातली होती.

२८ मे

मामांना सांगितलं की चेन ताणली गेलेली नाही, ती झिजलेली आहे. पटलं नाही. मग एक जुनी कडी फोडून पिन हातात दिली. बाजूला नख लावून बघा म्हटलं, मधोमध चर पडलेला लागतो. प्लेटा होत्या तेवढ्याच आहेत. पिन बारीक झाली आणि ज्या बुशात ती फिरते त्याचं भोक मोठं झालं, एवढंच. बुश आणि रोलर असलेली ही रचना मँचेस्टरला हान्स रेनॉल्डनं १८८० साली काढली, आजच्या उभ्या सायकलीत तीच आहे. गिअरवाल्या चेनमध्ये आता वेगळा बुश नसतो, आतल्या प्लेटेचीच कड आत वळवून ते काम भागवतात.

मग हिशेब मांडला. मामांच्या सायकलीला पुढे ४८ दात, मागे १८, चेन ११२ पिनांची. २८ इंची चाक एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं, म्हणजे पायडलच्या एका फेरीत जवळपास सहा मीटर. किलोमीटरला पायडलच्या पावणेदोनशेच्या आत फेऱ्या, त्यात चेन सत्तरेक वेळा पूर्ण फिरते. प्रत्येक फेरीत प्रत्येक पिन चार वेळा वाकते, दोन्ही चक्रांवर चढताना आणि उतरताना. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे तीनशे वाकणं. तेल आत असेल तर ते सहज निभतं. माती आत असेल तर तीनशे वेळा पॉलिश पेपर फिरला असं समजायचं.

२ जून, रविवार

आता कडीचा प्रश्न. हा दिवस मी मुद्दाम त्याच्यासाठी ठेवला होता.

११२ पिना म्हणजे ५६ इंच, १४२२ मिमी. काढायची ती पूर्ण कडी, आतली एक आणि बाहेरची एक मिळून एक इंच. ५६ इंचांत एक इंच म्हणजे १.८ टक्के. म्हणजे नुसत्या झिजेपायी एक कडी काढण्याची वेळ आली असेल तर चेन १.८ टक्के झिजलेली आहे, आणि बिनगिअरच्या सायकलीलासुद्धा एक टक्क्यावर बदलायची असते. कडी काढल्यानं लांबी जमते. पण उरलेल्या प्रत्येक कडीतलं अंतर वाढलेलंच राहतं आणि ती चेन रोज फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चक्राचे, दात खाते. मामांच्या फ्रीव्हीलचे दात एका बाजूला झुकून आकड्यासारखे झालेत, ते गेल्या सालच्या कडीमुळे, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट, चेन लोंबते यावरून झीज कळत नाही. दोन चक्रांमधला चेनचा पल्ला दीडेक फुटाचा. एक-दशांश टक्का झीज, म्हणजे अख्ख्या चेनमध्ये दीड मिमीसुद्धा नाही, एवढ्यानं खालची चेन मधोमध दीड-दोन सेंटिमीटर सोडते. डोळ्याला ती भयंकर सैल दिसते, पण अजून वर्षानुवर्षं चालणारी असू शकते. त्यावर औषध कडी नव्हे. मागचे नट सैल करा, चाक केसभर मागे ओढा, दोन्ही बाजूंना सारखं आहे ना बघा, नट आवळा. मधोमध बोटानं वर-खाली अर्धा इंच हलली की पुरे. त्याहून ताठ केली तर बेअरिंग खाते. आणि पायडल हळूहळू फिरवून सगळ्यात ताठ जिथं होते तिथं हे माप घ्यायचं, कारण पुढचं चक्र क्वचितच बरोबर गोल असतं.

आणि मग लक्षात आलं की चाकाची जागा हीच मोजपट्टी आहे. चेन जितकी वाढते त्याच्या निम्मं चाक खाचेत मागे सरकतं. एक टक्का म्हणजे १४ मिमी चेन, म्हणजे ७ मिमी चाक. नवी चेन घातली त्या दिवशी ॲक्सलच्या नटाच्या पुढच्या कडेशी खाचेच्या काठावर कानसीनं एक ओरखडा मारून ठेवायचा. नट तिथून सात मिमी मागे गेला की चेन बदलायची. पट्टी नको, व्हर्नियर नको, चेन काढायला नको. मधे कडी काढली नसेल तरच हे चालतं.

९ जून, रविवार

मामांची चेन आणि फ्रीव्हील दोन्ही बदलली. शहापुरात चाचांच्या दुकानात. फ्रीव्हील पायडल मारून मारून आवळत जाते, त्यामुळे वर्षांनी काढताना ती सहज सुटत नाही. चाचांनी तिची चावी व्हाइसमध्ये पकडली, वरून चाक बसवलं आणि स्टिअरिंग फिरवावं तसं चाकच फिरवलं. एका झटक्यात सुटली.

पुढचं चक्र तेच ठेवलं. ४८ दातांमध्ये मार वाटला जातो, मागच्या १८ दातांतल्या प्रत्येकाला त्याच्या अडीचपटीहून जास्त मार बसतो. पण पुढच्या दातांवर एक मजेशीर खूण होती. एकाआड एक दात जास्त झिजलेला. कारण सरळ आहे. चेनच्या पिना सम, दातही सम, त्यामुळे ठरावीक दाताला कायम आतलीच कडी भेटते आणि शेजारच्याला कायम बाहेरची. झिजलेल्या चेनमध्ये एकाआड एक अंतर लांब, म्हणून ओझंही एकाआड एक दातावर. एका दातावर पांढरा ठिपका लावून ठेवला. चेन कधी धुवायला काढली तर परत त्याच दातावर तीच कडी बसवायची.

चेन तोडताना चाचा जुनी शेजारी धरून नवी तोडणार होते. झिजलेली चेन ५६ इंचांत पाऊण इंचाच्या वर लांब झालेली, शिवाय तिच्यातली एक कडी गेलेली. पिना मोजूनच तोडली. लॉकची (चेन जोडणाऱ्या कडीवरच्या चिमट्याची) बंद बाजू चेन जिकडे पळते तिकडे, म्हणजे वरच्या बाजूला बघितलं तर पुढे. उलटं बसवलं तर कुठं कव्हरला घासून लॉक उडू शकतं. चाचा हे न बघता हातानं करतात. ओरखडा मारताना मात्र थांबून बघत होते.

नवी चेन रॉकेलमध्ये बुडवायची पद्धत आहे, ती करू दिली नाही. कारखान्यातून आत भरून येणारं ग्रीस हेच सगळ्यात चांगलं वंगण, कारण ते पिनेपर्यंत पोचलेलं असतं. वरून फक्त फडक्यानं पुसली.

३० जून

पाऊस. नोंद नाही.

१४ जुलै, रविवार

तेलाचा विषय. प्रत्येकाकडे आपापलं आहे. मामा जळकं ऑइल वापरतात, गॅरेजमधून फुकट मिळतं. त्यात इंजिनाची झिजलेली बारीक पूड असते. फुकटचं असलं तरी नको. पुतणीच्या सायकलला घरचं शिलाई मशिनचं तेल. चांगलं पोचतं, पण असल्या पावसात एका दिवसात धुऊन जातं. खोबरेल थंडीत गोठतं, आणि चिकट होऊन धूळ धरतं. वरून ग्रीस चोपडणं सगळ्यात वाईट, ते आत जातच नाही, बाहेर माती धरून ठेवतं.

मी नवं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल छोट्या पिचकारी बाटलीत भरलं आहे. खालच्या चेनवर आतल्या बाजूनं प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवत. अर्धा तास थांबायचं आणि मग बाहेरून कोरडं होईपर्यंत कॉटन वेस्टनं पुसायचं. लोक ही पुसण्याची पायरी गाळतात. बाहेर दिसणारं तेल काही कामाचं नसतं, ते फक्त रस्ता गोळा करतं. रात्री तेल, सकाळी सायकल बाहेर, हे जमलं तर उत्तम.

२८ जुलै, रविवार

बेसुमार पाऊस. वडगाव-येळ्ळूर शिवारात भाताची लावण, रस्त्यावर चाकाबरोबर येणारा चिखल. खानापूरकडची तांबडी माती आणि चिकोडी-अथणीकडची काळी यांत चेनला कुठली वाईट, यावर चहाच्या टपरीवर वाद झाला. काळी मडगार्डमध्ये गच्च भरते आणि चाक अडवते, पण चेनमध्ये शिरायला जरा जाड आहे. तांबडी वाळली की पुडीसारखी बारीक होते आणि तेलात कालवून आत जाते. माझं मत तांबडीच्या विरोधात.

माझी मोजली: २५५.८. अजून चालेल.

१ सप्टेंबर, रविवार

चारही मापं. पुतणीची २५६.० (०.८). माझी २५५.९ (०.७५). मामांची नवी २५४.३.

अण्णांची २५६.१. मेमध्ये ०.३ होती, आता ०.८ च्या वर. दोनदा मोजली. अण्णा बाजूला उभे, "एष्टु बंतु?" (किती आलं?) मी आकडा दाखवला. त्यांची सायकल चौघांत सगळ्यात कमी चालते, पिरनवाडीहून उद्यमबाग आणि परत, बस्स. पण ती दिवसभर उभी असते फेटलिंगच्या शेडला लागून, जिथं कास्टिंगवरची वाळू झाडतात आणि ग्राइंडिंग करतात. साच्याची वाळू म्हणजे सिलिका, पोलादाला ओरबाडणारी. त्यात बिडाची पूड. तेल लावलेल्या चेनवर दिवसभर हे पीठ बसतं आणि संध्याकाळी अण्णा पायडल मारतात. तेल भरपूर लावायचे, पुसायचे नाहीत. किलोमीटरवरून किंवा वर्षांवरून चेनचं आयुष्य सांगणाऱ्यांना हा आकडा दाखवला पाहिजे. अण्णांच्या चेनचा फैसला ती उभी असते त्या जागेनं केला.

सायकलींसाठी गेटाजवळच्या पत्र्याखाली जागा मागितली आहे.

४ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीआधी माझी चेन बदलली. ०.७५ टक्के ही पाच ते दहा गिअरवाल्यांची मर्यादा. अकरा-बारा गिअरच्या अरुंद चेनला ०.५ वरच बदलतात. बिनगिअरला एक टक्का चालतो, मग गिअरला का नाही? कारण मागच्या छोट्या चक्राला चौदा दात, त्यांतले कसेबसे सहा-सात चेनच्या विळख्यात. झिजलेल्या चेननं तेवढे दात आपल्या मापाचे करून घेतले की नवी चेन त्यांवर बसत नाही, जोर दिला की उडते. बिनगिअरला चेन ताठ बांधलेली असते, तिला उडायला जागाच नसते, म्हणून ती उडण्याऐवजी मुकाट दात खाते. गिअरवाल्यांना सैल बाजू ओढून धरायला फक्त डिरेलरची, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची, स्प्रिंग.

सात गिअरची फ्रीव्हील (१४ ते २८ दात) चेनपेक्षा बरीच महाग. वेळेवर चेन बदलली तर एक फ्रीव्हील दोन-तीन चेना निभावते.

जोडणी हातानं लागणाऱ्या जोडकडीनं केली. पंच आणि हातोडी गिअरच्या चेनला लावू नये, बारीक पिनेचं टोक फाकतं आणि ती कडी ताठर होते. दर फेरीला डिरेलरमधून जाताना टक् करते.

८ सप्टेंबर, रविवार

राजहंसगडाच्या चढाला मुद्दाम सगळ्यात छोट्या चक्रावर घालून उभं राहून पायडल मारलं. उडाली नाही. फ्रीव्हील वाचली.

१० ऑक्टोबर

उद्या खंडेनवमी. गल्लीतल्या सगळ्या सायकली पाण्याच्या पाइपाखाली. चेनवर पाणी मारून चकचकीत करायची, वर झेंडूचा हार, आणि रात्रभर तशीच, पूजेत वापरायची नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी रोलरवर तांबेरा. यंदा पोरांना बसवून सांगितलं: पाणी फ्रेमला आणि चाकाला, हब आणि बीबीच्या (पायडलच्या आसाच्या) बेअरिंगवर धार नको, चेन डिझेलच्या फडक्यानं, मग वाळवून तेल, मग पुसणं, मग हार. दोघा-तिघांनी केलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

अण्णांची सायकल दिवाळीपासून पत्र्याखाली. २५६.२. म्हणजे सप्टेंबरपासून जवळजवळ थांबलीच. पाऊसही थांबला आहे, त्यामुळे सगळं श्रेय पत्र्याला देता येणार नाही, पण बरंचसं देतो. तेल आता पुसून घेतात.

उसाच्या ट्रॅक्टरांमुळे रस्त्याच्या कडेला पाचटाचे तुकडे. एक डिरेलरच्या चाकात अडकलेला निघाला.

२९ डिसेंबर, रविवार

मामांची तपासणी, दोन्ही पद्धतींनी. ओरखड्यापासून नट दोन मिमी मागे. त्यावरून चेन चार मिमी वाढलेली, ०.२८ टक्के. मग चेन काढून टांगून मोजली: २५४.७, तेही ०.२८. दोन्ही आकडे जुळल्यावर ओरखड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. पुतणीच्या आणि अण्णांच्या सायकलींना नवी चेन घालताना मारायचा.

पुतणीची ०.९ वर आहे. दात थोडे झुकलेत. पुढच्या चक्रावर चेन बोटानं पुढे ओढली तर दात निम्म्याला जरा कमी उघडा पडतो. आत्ता नुसती चेन घातली तर झुकलेले दात तिलाही लवकर खातील, म्हणून इथं उलट करायचं. बिनगिअरला हे परवडतं: जुनी चेन आणि जुनी फ्रीव्हील एकमेकींबरोबर संपू द्यायच्या आणि दोन्ही एकदम बदलायच्या. मार्चमध्ये तिची एसएसएलसी (दहावीची परीक्षा). तोवर ती एक टक्क्याच्या आसपास पोचेल. चेन आणि १८ दातांची फ्रीव्हील चाचांकडे सांगून ठेवली आहे, शेवटचा पेपर झाला की त्या आठवड्यात बसवायची. लॉक मध्येच निसटलं तर हाताशी असावं म्हणून एक जादा लॉक तिच्या कंपास पेटीत ठेवलं आहे.